दीर्घिका भिडतात तेव्हा तारे फुटत नाहीत

एकाने विचारलंय की दोन दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) भिडल्या तर तारे एकमेकांवर आदळून फुटत असतील ना? जवळजवळ नाहीच. ताऱ्यांमधलं अंतर त्यांच्या आकाराच्या मानाने इतकं प्रचंड असतं की ते बाजूबाजूने निघून जातात. खरा धक्का बसतो तो ताऱ्यांमधल्या वायूला.

माझं आवडतं उदाहरण म्हणजे मयूर तारकासमूहातली एनजीसी ६८७२ ही दीर्घिका. मध्ये ताऱ्यांचा सरळ दांडा, त्याच्या दोन टोकांपासून निघालेले दोन हात. आपल्यापासून अंतर साधारण २१ कोटी प्रकाशवर्षं. एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत ५ लाख प्रकाशवर्षांहून जास्त, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या पाचपट! शेजारची छोटी दीर्घिका आयसी ४९७० तिच्या जवळून गेली, सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी, असं संगणकावरची गणितं सांगतात. त्या ओढीनेच हे हात असे लांबले.

फोटो मिळाला तर ईशान्येकडच्या हाताचं टोक नीट बघा. निळसर ठिपके दिसतील, ते कोवळे तारकापुंज. गॅलेक्स या अतिनील दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०१३ साली कळलं की सर्वांत तरुण तारे याच टोकाला आहेत आणि केंद्राकडे यावं तसं वय वाढत जातं. दांड्यात मात्र अलीकडे तारे जन्मल्याच्या खुणा नाहीत, म्हणजे तो या भेटीच्या कितीतरी आधीचा. मला हीच गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते.

आपल्याकडून ही दीर्घिका बघायची सोय नाही, फार दक्षिणेला आहे.