प्रतिसाद: तीन टनांखालची व्हॅन आणि परमिट

दादा, कुंदा-फरसाण घेऊन बेळगावहून शिनोळी, चंदगडला जायला छोट्या व्हॅनला महाराष्ट्राचं वेगळं परमिट लागतं, असं तुम्हाला एजंटानं सांगितलंय. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६६ बघा: मालासकट एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिटच लागत नाही. आरसी बुकातला जीव्हीडब्ल्यूचा (म्हणजे मालासकट एकूण वजनाचा) आकडा तेवढा तपासा.

परमिट नाही म्हणजे काहीच नाही, असं मात्र समजू नका. पिवळी पाटी, विमा, पीयूसी आणि फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला, हवाच. हा दाखला नव्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी घ्यायचा, पुढं दरवर्षी. हे मी कळकळीनं सांगतोय. माझ्या भावाच्या गाडीचं फिटनेस संपून अकराच दिवस झालेले, अपघात झाला आणि विमा कंपनीनं क्लेम नाकारला. दुरुस्तीला घरातलं सोनं मोडावं लागलं हो.

ड्रायव्हरचं म्हणाल तर ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं स्पष्ट केलंय, साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं.

आणि हो, पन्नास हजार रुपयांवरचा माल सीमेपलीकडं नेताना ई-वे बिल (जीएसटीखालचा मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) काढा.