पिक्चर पडला, आपटला की उतरला?

पाचपाखाडीकर : मागच्या आठवड्यात वाशीला एक मराठी पिक्चर पाहिला. दहावीतली चार पोरं, क्लासला दांडी, पहिलं प्रेम; विनोद बेताचा आणि खर्च त्याहून बेताचा. थिएटरात आम्हाला धरून अकरा माणसं, त्यातली दोन एसीत झोपायला आलेली. सोसायटीच्या दिवाळी अंकात त्यावर पानभर लिहायचं कबूल करून बसलोय आणि दोन ठिकाणी अडलोय. इंग्रजीत ज्याला ‘कमिंग ऑफ एज’ म्हणतात त्याला मराठीत काय म्हणू? ‘वयात येण्याची गोष्ट’ लिहिलं, तर बायकोनं काट मारली. आणि पिक्चर ‘आपटला’ लिहू की ‘पडला’?

नेरूळकर : वहिनींनी बरोबर केलं. मुलगी ‘वयात आली’ म्हणजे काय ते घराघरांत ठाऊक आहे, आणि लगोलग स्थळं बघायला लागायचे. तुमच्या पोरांचा त्याच्याशी काय संबंध? सरळ ‘पौगंडावस्थेतील मुलांचा चित्रपट’ लिहा.

कोपरीकर : तो शब्द नको हो! ऐकला की विज्ञानाचा तास आणि पुस्तकात तोंड खुपसलेले सर आठवतात. शिवाय जुन्या हिशोबात तो बसतही नाही. ‘कौमारं पञ्चमाब्दान्तं पौगण्डं दशमावधि’ असा श्लोक आहे. पाचापर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर, पुढे यौवन. म्हणजे पौगंडातली पोरं चौथी-पाचवीत.

नेरूळकर : मग नववी-दहावीचं ‘कुमारभारती’ बालवाडीत वाटायचं की काय? अकरावीला तर ‘युवकभारती’ येतं. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की कुमाराचा युवक होतो, श्लोक काहीही म्हणो.

कोपरीकर : बोलीत बघा, या वयात सगळं ‘फुटतं’. मिसरूड फुटतं, कंठ फुटतो, पंख फुटतात, शिंगं फुटतात. पहिली दोन शरीराची, तीही फक्त मुलग्यांची. शिंगं मात्र पोराला स्वतःला कधीच दिसत नाहीत, ती घरच्यांनाच दिसतात.

घणसोलीकर : मी बारावीला आहे. यातला एकही शब्द आम्ही स्वतःबद्दल वापरत नाही. आई म्हणते तेवढं एक बरं वाटतं, ‘आता त्याला कळायला लागलंय.’

पाचपाखाडीकर : हे पटलं. पिक्चरमध्येही शेवटी पोराला बापाचं कर्ज कळतं. शेवटची दहा मिनिटं खरंच बरी आहेत; आधीच्या पादण्याच्या विनोदांनी घात केला. ‘कळत्या वयाची गोष्ट’ लिहितो. आता पडण्याचं सांगा.

नेरूळकर : आपटायला आधी उंचीवर जावं लागतं. मोठे नट, चौकाचौकांत होर्डिंग, आणि मग रिकाम्या खुर्च्या, तो दणकून आपटला. तुमचा जमिनीवरच होता.

कोपरीकर : ‘पडला’ हा शब्द मला नाटकाचा वाटतो. गडकरी रंगायतनला ‘आजचा प्रयोग पडला’ म्हणतात, तेव्हा पुढच्या रविवारी तोच प्रयोग रंगू शकतो. पिक्चर रोज तोच. तो एकदा पडला की पडलाच, उठून बसायची सोय नाही.

घणसोलीकर : आणि ‘डब्यात गेला’?

कोपरीकर : त्यात घोळ आहे. रिळं डब्यातून यायची तेव्हाचा शब्द. कुणी पडलेल्याला म्हणतं, कुणी लागलाच नाही त्याला. माझे वडील ठाण्यात एका टॉकीजला डोअरकीपर होते. ते यातलं काहीच म्हणत नसत. पिक्चर शुक्रवारी ‘लागायचा’ आणि चालला नाही तर गुरुवारचा शेवटचा खेळ झाल्यावर ‘उतरायचा’. बाहेरचा बोर्ड खरोखर शिडी लावून उतरवावा लागे, आणि शिडी धरायला तेच असत. त्यामुळे असेल, पण कुठल्याही पिक्चरला ते हसले नाहीत.

पाचपाखाडीकर : ‘उतरला’ घेतो. फक्त एक अडचण आहे. सोमवारपासूनच वाशीत दुपारी साडेबाराचा एकच खेळ उरला होता. उतरलाही नव्हता, चालतही नव्हता.

कोपरीकर : मग ‘उतरणीला लागला’ म्हणा.