५८ वर थांबा, ५२ चा हट्ट नको

ताई, ७४ वरून ५८ किलोवर आलात, मनापासून अभिनंदन. आता ५२ करायचं की इथेच थांबायचं, असं विचारलंय तुम्ही. मी म्हणेन, थांबा.

उंची १६० सेंमी म्हणजे तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, साधारण २२.७ झाला. आपल्या भारतीयांसाठी २३ च्या आत असणं चांगलं मानतात, तिथे तुम्ही पोचलात. आता काट्यापेक्षा टेपवर लक्ष ठेवा. बायकांसाठी कंबर ८० सेंमीच्या आत हवी, आणि तुमच्या उंचीच्या निम्मेही तेवढेच होतात.

मी स्वतः लग्नाच्या वेळचं वजन गाठायचंच म्हणून रेटत राहिले होते. पाळी पुढे जायला लागली, सारखी थंडी वाजायची, दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळायला लागले. तेव्हा कुणीतरी थांबवायला हवं होतं, म्हणून एवढं कळकळीने लिहितेय. यातलं काही तुम्हाला होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

थांबायचं म्हणजे जुन्या ताटावर परत जायचं नाही. पहिल्या आठवड्यात एक पोळी वाढवा, पुढच्या आठवड्यात वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ. सुरुवातीला काटा किलोभर वर जाईल, घाबरू नका. खाणं वाढलं की शरीरात साखरेचा साठा भरतो आणि त्याबरोबर पाणी धरलं जातं, ती चरबी नव्हे. रोजचा आकडा न बघता आठवड्याची सरासरी काढा. ती ५७ ते ६० मध्ये राहिली की झालं. चालणं आणि वजनं उचलणं मात्र सोडू नका.