वय २३, कामासाठी भाड्याची गाडी हवी आहे. काय बघून घ्यावी?

नवा_क्लच: वय २३, लायसन्सला दोन वर्षं झाली. ऑफिसच्या कामासाठी तीन दिवस गाडी हवी, चालवणार मीच. ऑफिस सगळ्यात लहान गाडीचं मूळ भाडं आणि इंधन देतं, वरचं सगळं माझ्या खिशातून. क्रेडिट कार्ड नाही, डेबिट आहे. वरखर्च कमीत कमी कसा ठेवू?

हमरस्ता: एसयूव्ही घ्या, ऑटोमॅटिक. छोट्या गाडीत कंबरेची वाट लागते.

हिशेबनीस: बजेट वाचलंत का? शिवाय २५ च्या आतल्यांना मोठ्या गाड्या बऱ्याच कंपन्या देतच नाहीत. २१ ते २४ वयाला बहुतेक ठिकाणी रोजचा वेगळा अधिभार लागतो, लहान गाडीलाही. बुकिंगच्या पानावर वयाचा रकाना अनेकदा आधीच भरलेला असतो. तो बदलला नाही तर दर स्वस्त दिसतो आणि काउंटरवर फुगतो. भाडं २४ तासांच्या हिशेबाने लागतं. सकाळी ९ ला घेतलेली गाडी शेवटच्या दिवशी ११ ला दिलीत तर आणखी एका दिवसाचं भाडं लागू शकतं.

खडखड: क्रेडिट कार्ड काढा. डेबिटवर डिपॉझिटची रक्कम अडकते, गाडी परत दिल्यावरही सुटायला काही दिवस जातात. काही काउंटर डेबिट घेतच नाहीत. कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, आईवडिलांचं चालत नाही.

अडीच_लिटर: +१, क्रेडिट कार्डच. आणि डिझेल घ्या.

नवा_क्लच: कार्ड नाही, वर लिहिलंय.

कलम_वाचक: कार्डासोबतचा फुकट विमा तसाही कामाच्या प्रवासाला लागू असेलच असं नाही. वेव्हर (जादा पैसे भरून गाडीच्या नुकसानीची जबाबदारी माफ किंवा कमी करून घेणं) घेतला तरी टायर, काचा, छत आणि गाडीचा तळ त्यातून सहसा वगळलेले असतात. नवख्या हाताने घासतं ते नेमकं चाकच. बाहेरच्या विमा कंपनीची पॉलिसी स्वस्त पडते, पण आधी पैसे तुम्ही भरायचे, क्लेम नंतर. डिपॉझिटही तेवढंच राहतं.

हमरस्ता: वेव्हर म्हणजे घाबरवून पैसे काढणं.

अडीच_लिटर: डिझेलचं कुणी बोलत नाही.

हिशेबनीस: तीन दिवसांत डिझेलने काय वाचणार? इंधन ऑफिसच देतंय. डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं गेलं तर इंजिन अजिबात चालू करायचं नाही, टाकी उपसावी लागते. तो खर्चही वेव्हरमध्ये नसतो. ‘फुल टू फुल’ (टाकी भरलेली मिळते, भरूनच परत द्यायची) घ्या, परत देण्याआधी जवळच्या पंपावर टाकी भरा, पावती ठेवा.

चारही_कोपरे: निघण्याआधी व्हिडिओ काढा: चारही रिम, समोरच्या काचेवरचे टवके, बंपरच्या खालची कड, ओडोमीटर, इंधनाचा काटा. आधीचा ओरखडा करारावर लिहून घ्या. काउंटर बंद असताना किल्ली पेटीत टाकलीत तर ते उघडेपर्यंत गाडीची जबाबदारी बहुधा तुमचीच.

कलम_वाचक: मुळात ऑफिसचा कुठल्या कंपनीशी करार आहे का ते विचारा. कॉर्पोरेट दरात बऱ्याचदा वेव्हर धरलेला असतो, कधी वयाचा अधिभारही माफ होतो, आणि बिल थेट ऑफिसला जातं.

खडखड: हेच लिहायला आलो होतो.

नवा_क्लच: विचारलं. करार आहे, पण २५ च्या वरच्यांनाच. सहकारी ३१ चा आहे, त्याच्या नावावर घेऊन मी चालवली तर?

कलम_वाचक: गाडीच्या भाडेकरारावर तुमचं नाव नसेल तर वेव्हर गेला, अपघाताचा सगळा खर्च अंगावर. नाव घातलं की वयाची अट पुन्हा आलीच.

नवा_क्लच: मग रेल्वे आणि तिथे टॅक्सी. टॅक्सीचं बिल ऑफिस पूर्ण देतं, आजच कळलं.

हमरस्ता: मग धागा कशाला काढलात?

हिशेबनीस: कुठे बुकिंग करून ठेवलं असेल तर मुदतीत रद्द करा. नुसतं गेलाच नाहीत तर प्रीपेड भाडं बुडू शकतं.