‘रिबेका’: प्रेमामुळे खुनाचा तपास फिका पडतो का?

निशिगंध
डॅफ्नी ड्यू मॉरिए यांची १९३८ सालची ‘रिबेका’ ही कादंबरी प्रेम आणि खून यांच्या गुंफणीसाठी नावाजली जाते, पण माझ्या मते त्यातले प्रेम तपासाचा जीवच काढून घेते. पाणबुड्याला रिबेकाची बुडालेली नौका सापडते, केबिनमध्ये मृतदेह असतो आणि मॅक्सिम दुसऱ्या पत्नीजवळ, म्हणजे कथेच्या निवेदिकेजवळ, कबूल करतो की, पहिल्या पत्नीला, रिबेकाला, त्यानेच गोळी घातली. खुनी इथेच कळल्यावर चौकशीत उरते काय? त्याहून खटकते ते निवेदिकेचे मन. नवऱ्याच्या हातून खून झाला याने ती कोलमडत नाही. त्याचे रिबेकावर कधीच प्रेम नव्हते, एवढ्याने तिचा जीव भांड्यात पडतो.

आडवाट
सहमत नाही. चौकशीचा प्रसंग पुन्हा वाचावा. नौका बांधणारा टॅब शपथेवर सांगतो की, तळाच्या फळ्यांना भोके आतून पाडलेली होती. एरवीच्या तपासकथेत अशा साक्षीने वाचक सुखावतो, कारण सत्य एक पाऊल जवळ येते. इथे मात्र आपल्याच छातीत धस्स होते आणि निवेदिका तर तिथेच चक्कर येऊन पडते. खुनी सुटावा असे भल्या वाचकाला वाटायला लावणे हे केवळ रहस्याला जमले नसते, त्यासाठी ही प्रेमकथाच हवी होती.

शोधयात्री
धाकधूक मान्य आहे, पण ती कशाच्या जोरावर उभी केली? रिबेका दुष्ट होती, याचा मुख्य साक्षीदार तिला मारणाराच आहे. शेवटी तिला तपासलेल्या डॉ. बेकर यांच्या नोंदींतून तिचा कर्करोग उघड होतो, आत्महत्येला कारण मिळते आणि मॅक्सिम सुटतो. ही लेखिकेने करून दिलेली सोय आहे. याच कादंबरीवरच्या हिचकॉक यांच्या १९४० सालच्या चित्रपटात तिचा मृत्यू अपघाती दाखवावा लागला, कारण हॉलिवूडच्या तेव्हाच्या नैतिक नियमांच्या संहितेत खुनी पतीला मोकळे सोडता येत नव्हते. त्या संहितेचा मला एरवी राग आहे, पण कादंबरीची दुखरी जागा तिने बरोबर हेरली.

आडवाट
मुख्य साक्षीदार म्हणाल तर बेनला विसरू नका. त्या भोळ्या माणसाला रिबेकाने वेड्यांच्या इस्पितळात पाठवण्याची धमकी दिली होती, आणि हे तो मॅक्सिमच्या कबुलीच्या कितीतरी आधी, आपणहून बोलून जातो. शिवाय मॅक्सिम मोकळा कुठे सुटला? सुरुवातीच्या प्रकरणांतच हे जोडपे परदेशातल्या हॉटेलात दिवस काढताना दिसते. ती त्याला इंग्लंडमधल्या क्रिकेटच्या बातम्या वाचून दाखवते आणि मॅंडरली या त्यांच्या इंग्लंडमधल्या घराची आठवण जागवील असा मजकूर त्याच्यापासून दूर ठेवते. चित्रपटाने खून काढून टाकला आणि या जपणुकीमागचे ओझेही हलके केले.

निशिगंध
ती जपणूक हृद्य आहे, पण तिने माझ्या आक्षेपाचे उत्तर मिळत नाही, कारण ती दोघांच्या सुखदुःखापुरतीच आहे. दंडाधिकारी कर्नल जूलियन मॅंडरलीवर जेवायला येणारे स्नेही आहेत, आणि त्यांना खरे काय ते उमगले असावे, असे खुद्द मॅक्सिमला वाटते. तरीही ते प्रकरण मिटवतात. खानदानी घराची अब्रू राखण्यासाठी कायदा डोळेझाक करतो, हा या कादंबरीतला सर्वांत गंभीर धागा आहे. निवेदिकेला मात्र फक्त नवरा वाचल्याचे समाधान आहे, आणि आपण सगळे तिच्याच नजरेने पाहत असल्यामुळे कर्नलना जाब विचारणारे पुस्तकात कोणीच उरत नाही.