पोस्टरची मधली जागा कोणाची: निष्कर्षाच्या वाक्याची की आलेखाची?

मूळ मत (मार्गदर्शक प्राध्यापक)

संशोधन परिषदेत आपला अभ्यास मांडण्यासाठी लावायच्या पोस्टरवर मधोमध निष्कर्षाचे एकच मोठे वाक्य असावे आणि बाकीचा तपशील दोन्ही कडांच्या अरुंद रकान्यांत जावा, अशी मांडणी २०१९ साली माइक मॉरिसन या मानसशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्याने एका व्हिडिओतून सुचवली. ती इतकी रुळली आहे, की माझ्या विद्यार्थ्यांना आता पोस्टर म्हणजे हेच, असे वाटते. त्यामागचे निदान मला पूर्ण मान्य आहे. शोधनिबंध कापून चार रकान्यांत चिकटवला म्हणजे पोस्टर होत नाही, आणि हजार शब्द उभ्याने वाचायला कोणी थांबत नाही. माझा आक्षेप आहे तो उपायाला. मधली जागा आलेखाची आहे. ती वाक्याला दिली की निष्कर्ष पुढे येतो आणि पुरावा कोपऱ्यात जातो.

असे एक पोस्टर माझ्या चांगलेच लक्षात राहिले आहे. लांबूनही वाचता येईल अशा अक्षरांत त्यावर लिहिले होते, "नियमित सरावाने स्मरणशक्ती सुधारते." जवळ जाऊन उजव्या कोपऱ्यातला आलेख पाहिला, तर तो जेमतेम तळहाताएवढा होता. अभ्यासात एकोणीस जण सहभागी झाले होते, आणि दोन गटांतल्या फरकाचा ९५ टक्के विश्वास-अंतराल (खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा असा अंदाज असतो, तो पल्ला) शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला होता. म्हणजे सुधारणा झाली असेल किंवा नसेलही, एवढेच त्या आकड्यांवरून म्हणता येत होते. सादर करणारी विद्यार्थिनी प्रामाणिक होती, विचारताच तिने हे स्वतःहून समजावून सांगितले. पण जे विचारायला थांबले नाहीत, ते "सुधारते" एवढेच घेऊन पुढे गेले. "सुधारते" आणि "सुधारत असावी" यांच्यामधले अंतर नेमके मोजणे हेच आपले काम आहे, आणि पोस्टरवर मात्र तेच आपण पुसून टाकतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

माझी सूचना साधी आहे. ८४१ बाय ११८९ मिलिमीटरच्या ए-शून्य कागदाचा निम्मा भाग एकाच आलेखाला द्यावा, अक्षांची नावे दोन मीटरवरून वाचता यावीत, आणि शीर्षकात उत्तराऐवजी प्रश्न लिहावा.

प्रतिसाद (संशोधक विद्यार्थिनी, तिसरे वर्ष)

सर, तुम्ही सांगितलेल्या पोस्टरमधला दोष क्रियापदाचा आहे, मांडणीचा नाही. "एकोणीस जणांच्या अभ्यासात सरावाचा परिणाम निश्चित सांगता आला नाही" हेही वाक्यच आहे, आणि तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापता येते. उलट, असे वाक्य सर्वांसमोर लिहायचे ठरवले की आपण नेमके काय सिद्ध केले आहे याचा विचार आधी करावा लागतो. माझ्या स्वतःच्या मसुद्यावर मला हे वाक्य सात वेळा लिहावे लागले, आणि पाचव्या वेळी लक्षात आले, की मी ज्याला कारण म्हणत होते तो केवळ सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टींचे सोबत बदलणे, होता. आलेख मधोमध ठेवला असता तर हा प्रश्न मी पुढे ढकलला असता.

दुसरा मुद्दा वेळेचा आहे. एका दालनात दोनशे पोस्टर आणि हातात दीड तास असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला २७ सेकंद येतात. एवढ्या वेळात अनोळखी विषयाचा आलेख वाचायचा म्हणजे आधी अक्ष समजून घ्यायचे, मग एकके, मग रंगांचा अर्थ. नावाजलेल्या प्रयोगशाळेच्या पोस्टरपुढे लोक तरीही थांबतात, कारण तिथे नाव पाहून थांबायचे असते. ज्यांचे नाव कोणी ऐकलेले नाही, त्यांना पहिला वाचक त्या एका वाक्यानेच मिळतो, आणि आलेखावरची चर्चा त्यानंतर सुरू होते.

प्रतिसाद (छपाई व आरेखन पाहणारा सहकारी)

आलेख मोठा करण्याला माझा विरोध नाही, पण जो आलेख मोठा केला जातो तो बहुतेक वेळा त्या लायकीचा नसतो. हजार पिक्सेल रुंदीचे चित्र साठ सेंटिमीटरवर ताणले, तर इंचाला जेमतेम ४२ पिक्सेल उरतात आणि अक्षावरचे आकडे धूसर होतात. स्क्रीनशॉट न घेता आलेख मूळ सॉफ्टवेअरमधून व्हेक्टर पीडीएफ म्हणून, म्हणजे कितीही मोठा केला तरी धूसर न होणाऱ्या रूपात, काढावा. शिवाय, लाल आणि हिरव्या रेषांमधला फरक अनेकांना, विशेषतः पुरुषांना, दिसत नाही. निळा आणि नारिंगी घ्यावा, किंवा रेषेवरच तिचे नाव लिहावे. हे होणार नसेल, तर मोठ्या आलेखापेक्षा साधे वाक्य बरे.

मूळ मत मांडणाऱ्यांचे उत्तर

क्रियापदाचा मुद्दा मी मान्य करतो, आणि सात मसुद्यांचा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्याने घ्यावा असाच आहे. मात्र ती शिस्त तुम्ही स्वतःला लावून घेतली, मांडणी ती लावत नाही. रिकामी मधली जागा समोर असली की ठाम वाक्याचाच मोह होतो. व्याख्यानात मी स्वतः प्रत्येक स्लाइडच्या माथ्यावर पूर्ण वाक्य लिहितो आणि खाली त्याचा आलेख ठेवतो, कारण तिथे क्रम माझ्या हातात असतो. वाक्य वाचून झाले, की पुढच्या मिनिटभरात "मात्र ही अंतरालाची पट्टी पाहा" असे मीच म्हणतो, आणि बारा मिनिटे श्रोता जागेवरच असतो. पोस्टरसमोरचा माणूस त्या "मात्र"च्या आधीच निघून गेलेला असतो. म्हणून वाक्य ठेवायचेच असेल, तर त्यात फरकाचा आकडा, त्याचा अंतराल आणि नमुन्याचा आकार, म्हणजे सहभागींची संख्या, असलाच पाहिजे, आणि ते आलेखाला लागूनच असावे, वेगळ्या रकान्यात नको.

प्रतिसाद (संशोधक विद्यार्थिनी)

आकडा आणि नमुन्याचा आकार वाक्यात घ्यायला मी तयार आहे. अंतरालाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे, कारण कंसातले दोन आकडे वाचताना सांख्यिकी न शिकलेला वाचक तिथेच अडखळतो आणि पुढचे वाचतच नाही. तो अंतराल मी आलेखावर ठळक पट्टीने दाखवीन आणि शून्याची रेषा जाड काढीन. शीर्षकात प्रश्न लिहायला मात्र मी अजूनही तयार नाही. दोन वर्षे राबून मिळालेले उत्तर माझ्याकडे असताना ते वाचणाऱ्यापासून झाकून ठेवणे मला पटत नाही.