मदत हवी आहे: बाइकच्या इंजिनाचं हेड (वरचा भाग) आणि बोअर (त्याखालचा सिलिंडर) यांच्या मधून ऑइल गळतंय, दोनदा पॅकिंग (मधलं गॅस्केट) बदलून झालं

नमस्कार मंडळी, कोणी मेकॅनिक असेल किंवा स्वतःची गाडी स्वतः खोलणारं असेल तर प्लीज वाचा, जरा लांबलंय.

गाडी बाबांची आहे, २००५ ची शंभर सीसी, फोर स्ट्रोक, एअर कूल्ड. आम्ही पुण्यात धनकवडीला राहतो. बाबा रोज पहाटे गुलटेकडीला मार्केट यार्डात फुलं आणायला जातात आणि आठवड्यातून एकदा बोपदेव घाटातून सासवडकडे गावी. वय ६७, दुसऱ्या कुठल्याच गाडीवर बसत नाहीत, हिच्यावरच हात बसलाय म्हणतात. त्यामुळे विकून टाका, नवीन घ्या हा सल्ला कृपया नको.

दिवाळीआधी गाडी धूर मारायला लागली म्हणून हाफ इंजिन केलं, रिंगा, व्हॉल्व्ह सील, हेड पॅकिंग सगळं नवीन. धूर गेला, पिकअप पण छान आला. पण पंधरा दिवसांत हेड आणि बोअरच्या जोडावर ऑइल दिसायला लागलं, आधी नुसता घाम फुटल्यासारखं आणि मग फिन्सवरून (इंजिनाच्या बाहेरच्या पात्यांवरून) ओघळच. त्याच गॅरेजला परत नेली तर त्यांनी वरचे नट चापून आवळून दिले, आठ दिवस बरं चाललं. मग परत पॅकिंग बदललं, या वेळी दोन्ही बाजूंनी भरपूर सिलिकॉन लावून, ते महिनाभर टिकलं. आता पुन्हा तेच आणि गॅरेजवाले म्हणतात जुनी गाडी आहे, थोडं येणारच, बाहेरून एमसील मारून देतो. मला हे अजिबात पटत नाहीये, इतक्या गरम होणाऱ्या जागेवर बाहेरून काहीही थापलं तरी आतलं तेल कुठूनतरी वाट काढणारच ना.

खरी काळजी वेगळी आहे. ऑइल डाव्या बाजूने, म्हणजे टायमिंग चेनच्या (व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणाऱ्या साखळीच्या) बाजूने येतं आणि खाली गिअर लिव्हरवर आणि फूटरेस्टवर उतरतं. परवा आईने दाखवलं, दारातल्या फरशीवर बाबांच्या डाव्या चपलेचा काळा तेलकट ठसा उमटला होता. घाटात उतारावर गिअर टाकताना पाय सटकला तर? शिवाय या इंजिनात ऑइल मावतंच जेमतेम एक लिटर, आणि आठ दिवसांत डिपस्टिकवर वरच्या खुणेपासून जवळजवळ खालच्या खुणेपर्यंत येतंय. बाबा काही दर वेळी काडी काढून बघणार नाहीत.

मी एवढं करून बघितलं: रॉकेलने आणि जुन्या टूथब्रशने सगळे फिन्स धुतले, कोरडे केले, मग टाल्कम पावडर भुरभुरवली आणि कात्रज चौकापर्यंत जाऊन आलो. कारण पुष्कळदा वरच्या कव्हरचं पॅकिंग गेलेलं असतं आणि तेल खाली ओघळून हेड पॅकिंगच गेलंय असं वाटतं. पण कव्हरच्या कडेला पावडर पांढरी शुभ्र होती. हेड आणि बोअर जिथे मिळतात तिथेच, चेन ज्या पोकळीतून जाते तिच्या बाहेर, बोटभर लांबीची तपकिरी रेघ उमटली होती. ब्रीदरचा (इंजिनातली हवा बाहेर सोडणारा) पाइप पण काढून फुंकून बघितला, मोकळा आहे, म्हणजे आत प्रेशर साठून ऑइल बाहेर ढकललं जातंय असं वाटत नाही.

मग नवीन पॅकिंग टाकूनही त्याच जागी का येतं? हेड वाकलंय का? स्टडचे आटे गेलेत का? की नट क्रॉसमध्ये थोडे थोडे न आवळता एका बाजूने आवळत गेले म्हणून?

अपडेट, रविवार रात्र: सगळ्यांचे मनापासून आभार. आधी उघडून बघ असं तुम्ही बहुतेकांनी लिहिलंत म्हणून शेजारच्या काकांना घेऊन आज हेड खोललं, काका भोसरीत फिटर होते. फ्लायव्हीलवरची टी खूण जुळवली म्हणजे पिस्टन अगदी वर आणला, टायमिंग चेन तारेने बांधून ठेवली म्हणजे आत पडणार नाही. आटे चांगले आहेत. पण हेडची खालची बाजू पुसून उजेडात तिरकी धरली तर चेनच्या पोकळीलगत तीन लांब ओरखडे! जुनं पॅकिंग हॅक्सॉ ब्लेडने खरवडलंय, अॅल्युमिनियम मऊ, दुसरं काय होणार. त्यावर स्टीलची पट्टी उभी धरून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातलं, त्याच कोपऱ्यात ०.०५ मिमीचं पातं सरळ आत जातं, ०.१० चं जात नाही. आणि दाबून बाहेर आलेल्या सिलिकॉनचे रबरासारखे तुकडे आत लोंबत होते, एखादा सुटून ऑइलच्या भोकात अडकला असता तर कॅमला तेलच पोचलं नसतं. काका बराच वेळ काही बोललेच नाहीत, नुसते बोटाने ते ओरखडे चाचपत होते.

आता शेवटचा प्रश्न. काका म्हणतात जाड काचेवर एमरी पेपर ठेवून हेड इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत घासू, तेवढं पुरेल. नाना पेठेत पॅकिंग घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला लेथवर फेस मारून घ्या, म्हणजे मशीनवर ती बाजू सपाट करून. मला भीती ही की मशीनवर जास्त माल निघाला तर कॉम्प्रेशन वाढेल आणि टायमिंग चेनचंही गणित थोडं बदलेल. इतक्याशा फरकाला हाताने घासलेलं टिकतं का? आणि बोअरची वरची बाजू कशी तपासायची, पिस्टन आत असताना? टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळायचा पाना) एका दिवसासाठी कोणी देऊ शकत असेल तर धनकवडी, बिबवेवाडी, कात्रज कुठेही येऊन नेईन. हेड जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलंय, बोअरवर स्वच्छ फडकं टाकलंय, आणि बाबा उद्यापासून रिक्षाने जाणार आहेत.